आखूड केसांच्या कुत्र्याची केसगळती : कारणे व उपाय

वैशाख महिन्यात कोकणातील अंगण कधी रिकामे नसते. कोठे आंब्याची साठे वाळत असतात, कोठे फणसपोळी, कोठे आमसुले. त्याच अंगणाच्या कडेला घरचा राखणदार कुत्रा अंग खाजवीत पडलेला असतो, आणि वाऱ्याची एक झुळूक आली की त्याचे आखूड, ताठ केस ओल्या साठांवर जाऊन चिकटतात. घरी खाण्यापुरताच माल असता तर गृहिणीने केस वेचून काढले असते. परंतु आज पुष्कळ घरांतील व बचत गटांतील भगिनी हा माल पाकिटांत भरून विकतात. एका पाकिटात केस निघाला तर संपूर्ण गटाचे नाव खराब होते. मग घरात एकच विचार सुरू होतो, तो म्हणजे कुत्रा कोठे तरी लांब नेऊन सोडण्याचा.

हा विचार दोन्ही दृष्टींनी चुकीचा आहे. माकडे, वानरे व रानडुकरे यांच्या उपद्रवाने जेरीस आलेल्या बागायतदाराला कुत्र्याची राखण सोडून चालत नाही. शिवाय पाळलेले जनावर अन्नपाण्यावाचून हाल होतील अशा स्थितीत सोडून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यान्वये अपराध आहे. केसगळती संपूर्णपणे थांबविता येत नाही, परंतु ती पुष्कळ कमी करता येते. तसेच नेहमीची गळती कोणती व रोगाची कोणती, हे कोणाही दक्ष माणसास ओळखता येते. ही ओळख कशी करावी व पुढे काय करावे, हे येथे सांगावयाचे आहे.

केस का गळतात?

कुत्र्याच्या अंगावरील प्रत्येक केसाला आयुष्याची मर्यादा असते. तो काही काळ वाढतो, नंतर त्याची वाढ थांबते, तो मुळाशी सैल होऊन काही काळ तसाच राहतो, आणि त्याच मुळातून नवा केस वर येऊ लागला की जुना गळून पडतो. झाडाचे पिकलेले पान गळावे व त्या जागी नवी पालवी फुटावी, तसाच हा प्रकार आहे. ज्याप्रमाणे पानगळ हा झाडाचा रोग नव्हे, त्याप्रमाणे अशी केसगळ हाही कुत्र्याचा रोग नव्हे.

ज्या कुत्र्याचे केस आखूड त्याचे केस गळत नाहीत, असा एक समज सर्वत्र आढळतो. हा समज बरोबर नाही. आखूड केस आपली पूर्ण लांबी लवकर गाठतो व त्याचा गळण्याचा काळही लवकर येतो. लांब केसांच्या कुत्र्याचे सुटलेले केस पुष्कळदा अंगावरील इतर केसांत गुंतून राहतात. आखूड केस मात्र सरळ जमिनीवर पडतात. ते ताठ व टोकदार असल्याने गोणपाटात, सतरंजीत व अंगावरील कपड्यांत सुईसारखे रुततात. गावठी कुत्रा, मुधोळ, लॅब्रॅडॉर, पग, डालमेशियन ह्या सर्वांच्या बाबतीत हाच अनुभव येतो. त्यांतही लॅब्रॅडॉरच्या अंगावर वरचे राठ व खालचे मऊ असे केसांचे दोन थर असल्याने त्याची गळ अधिक असते.

रत्नागिरीचे हवामान व केसगळ

कुत्रा वर्षातून दोनदा, वसंतात व शरदात, केस टाकतो असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते. ही पुस्तके बहुधा थंड व उत्तरेकडील देशांत लिहिली गेली आहेत. केसांच्या ह्या फेऱ्यावर दिवसाच्या लांबीचा मोठा परिणाम होतो. लंडनसारख्या ठिकाणी उन्हाळ्यातील दिवस साडेसोळा तासांपेक्षा अधिक, तर हिवाळ्यातील दिवस आठ तासांहून कमी असतो. रत्नागिरी सुमारे १७ उत्तर अक्षांशावर आहे. येथे सर्वांत मोठा दिवस सुमारे तेरा तासांचा व सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. समुद्र जवळ असल्याने थंडी व उष्मा यांतील अंतरही फार नसते. त्यामुळे आपल्याकडील कुत्र्याचे केस ठराविक दोन ऋतूंत न गळता थोडेथोडे वर्षभर गळत राहतात. घरात रात्री उशिरापर्यंत विजेचे दिवे असतील तर हा फरक आणखी पुसट होतो.

ह्या गोष्टीचा व्यवहारात एक महत्त्वाचा अर्थ आहे. आपल्या भागात एखाद्या कुत्र्याचे केस एकाएकी फार गळू लागले, तर 'ऋतू बदलला' एवढे कारण पुरेसे मानू नये. हे सांगताना मला माझीच एक चूक नमूद केली पाहिजे. एका वाडीत आंबा बागेच्या पाहणीस गेलो असता तेथील गृहिणीने कुत्र्याच्या केसगळीविषयी विचारले. मी कुत्र्याला लांबूनच पाहिले आणि 'उन्हाळ्याची गळ आहे, पाऊस पडला की थांबेल' असे सांगून मोकळा झालो. महिन्याने पुन्हा गेलो तेव्हा कुत्र्याच्या मानेवर व पुढील पायावर वाटोळे चट्टे दिसत होते, आणि त्या घरातील लहान मुलाच्या दंडावरही तसेच गोल वलय उठले होते. तो नायटा होता. मुलाला व कुत्र्याला दोघांनाही औषधोपचार घ्यावा लागला. पहिल्याच दिवशी केस बाजूस सारून कातडी पाहिली असती, तर मुलाचा त्रास टळला असता. तेव्हापासून केस पाहण्याआधी कातडी पाहावी, हा नियम मी पाळीत आलो आहे.

नेहमीची गळ व रोगाची गळ

कुत्र्याला उजेडात उभे करून पाठ, पोट, बगला, कान, शेपटीचे मूळ व पायांची बोटे क्रमाने पाहावी. पुढील खुणा असल्यास गळ नेहमीची समजावी : केस सर्व अंगावरून सारखे गळतात, कोठेही कातडी उघडी पडत नाही, कातडी स्वच्छ व मऊ असते, वास येत नाही, कुत्रा विशेष खाजवीत नाही व त्याचे खाणेपिणे आणि हुशारी कायम असते.

याउलट पुढील खुणा रोगाच्या होत.

१. शेपटीच्या मुळाशी व कमरेवर केस विरळ होणे आणि कुत्र्याने ती जागा सारखी चावणे. हे बहुधा पिसवांमुळे होते. एक पांढरा कागद ओला करून त्यावर कुत्र्याचे केस बारीक फणीने विंचरावे. खाली पडलेले काळे कण ओलाव्याने तांबूस झाले, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त होय. साधी माती असल्यास रंग बदलत नाही.

२. कानांच्या कडा, कोपरे व पोट येथे खपल्या धरून रात्रंदिवस अनावर खाज सुटणे. ही खरूज असण्याचा संभव असतो. कानाची कड बोटांनी चोळली असता कुत्रा मागील पायाने खाजविल्यासारखी हालचाल करू लागला, तर हा संशय बळावतो. ही खरूज माणसाच्या अंगावरही खाज उत्पन्न करते.

३. लहान पिलाच्या डोळ्यांभोवती, तोंडावर व पुढील पायांवर खाज नसताना केस जाणे. हा केसांच्या मुळाशी राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांचा रोग आहे. हा माणसास होत नाही. परंतु सर्वांगावर पसरल्यास पिलास जड जातो.

४. वाटोळे चट्टे व त्यांवर कोंडा. हा नायटा होय. तो माणसांस, विशेषतः लहान मुलांस, लागतो.

५. पावसाळ्यात कान, बगला व पायांच्या बोटांमध्ये कातडी लाल व तेलकट होणे आणि आंबूस वास येणे. ओलाव्यामुळे बुरशीवर्गातील जंतू वाढल्याचे हे चिन्ह आहे.

६. दोन्ही कुशींवर सारखेच केस जाणे, शेपटी उंदराच्या शेपटीसारखी उघडी पडणे, वजन वाढणे व कुत्रा सुस्त होणे. हा शरीरातील ग्रंथींचा दोष असू शकतो. त्याचे निदान रक्त तपासूनच होते.

कुत्री व्याल्यानंतर, तसेच मोठा ताप येऊन गेल्यावर एक ते तीन महिन्यांनी एकदम पुष्कळ केस गळतात. कातडी निरोगी असेल तर अशा वेळी घाबरण्याचे कारण नाही. चांगला आहार दिल्यास केस पुन्हा येतात.

खरारा

बैलाला व घोड्याला खरारा करण्याची पद्धत आपल्याकडे पूर्वापार आहे. तोच उपाय कुत्र्यालाही लागू आहे, आणि नेहमीच्या केसगळीवर ह्यापेक्षा अधिक गुणकारी उपाय नाही. जो केस आज ना उद्या गळावयाचाच आहे, तो आपण ठरविलेल्या वेळी व ठरविलेल्या जागी काढून घ्यावा, एवढेच ह्यामागील तत्त्व आहे.

कुत्र्याची कातडी गुरांच्या कातडीपेक्षा पातळ असते. म्हणून गुरांचा लोखंडी खरारा कुत्र्यास वापरू नये. रबरी दातांचा ब्रश किंवा रबरी हातमोजा चांगला. तो न मिळाल्यास जाडाभरडा पंचा ओला करून घट्ट पिळून घ्यावा व त्याने अंग पुसावे. प्रथम केसांच्या उलट दिशेने हलक्या हाताने घासून सुटलेले केस वर आणावे, नंतर केसांच्या दिशेने घासून ते काढून टाकावे, आणि शेवटी ओलसर फडके फिरवावे. एका वेळी दहा मिनिटे पुरतात. आठवड्यातून तीन वेळा, आणि गळ अधिक असेल तेव्हा रोज हे काम करावे. साठे किंवा आमसुले वाळत असतील त्या अंगणापासून दूर, वारा अंगणाकडे वाहत नसेल अशा बाजूस खरारा करावा. माल वाळविण्याच्या दिवसांत कुत्र्यास त्या अंगणात मुळीच येऊ देऊ नये, माल उंच मांडवावर व जाळीखाली वाळवावा आणि खरारा करणाऱ्याने हात धुऊन, कपडे बदलूनच मालास हात लावावा.

निरोगी कुत्र्याचे निघालेले केस माडाच्या आळ्यात मातीखाली पुरावे. केस हे प्रथिनाचे बनलेले असून त्यांत नत्राचे प्रमाण चांगले असते. मात्र ते फार सावकाश कुजतात. भाजीच्या वाफ्यात ते टाकू नयेत. रोगी कुत्र्याचे केस दूर व खोल खड्ड्यात पुरावे.

उन्हाळ्यात कुत्र्याचे अंग भादरून घेण्याची कल्पना काही जण काढतात. आखूड केसांच्या कुत्र्याच्या बाबतीत तिचा उपयोग नाही. भादरल्याने गळणाऱ्या केसांची संख्या कमी होत नाही. उलट कातडी उन्हाने भाजते.

आहार

केस हे प्रथिनाचे बनलेले असल्याने कुत्र्याला मिळणाऱ्या प्रथिनांचा मोठा वाटा केस व कातडी ह्यांवर खर्च होतो. आपल्याकडे कुत्र्याला पेज, उरलेला भात व आमटी घालण्याचा प्रघात आहे. त्याने पोट भरते, परंतु केसांचे पोषण होत नाही. अशा कुत्र्याचे केस निस्तेज व ठिसूळ होतात, कोंडा सुटतो व गळ वाढते.

भाताबरोबर रोज एक उकडलेले अंडे, अथवा उकडून काटे काढलेली मासळी द्यावी. तारली व बांगडा ही आपल्या किनाऱ्यावरील मासळी कातडीस उपयुक्त अशा स्निग्धांशाने युक्त असते. खारविलेली सुकी मासळी देऊ नये, कारण तीत मीठ फार असते. कच्च्या अंड्याचा पांढरा भागही देऊ नये. कातडीस आवश्यक असे एक जीवनसत्त्व त्यामुळे शरीरास मिळेनासे होते. कांदा घातलेले कालवण कुत्र्यास अपायकारक आहे.

केस तकतकीत व्हावे म्हणून खोबरेल तेल पाजण्याची व चोळण्याची चाल आहे. कुत्र्याच्या कातडीला लिनोलिक नावाच्या स्निग्धाम्लाची गरज असते. ते खोबरेल तेलात फारच थोडे, तर करडई व सूर्यफुलाच्या तेलात विपुल असते. म्हणून तेल द्यावयाचेच असेल तर जेवणात ह्या तेलांपैकी एक लहान चमचा मिसळावे. अधिक दिल्यास पोट बिघडते. आहार सुधारल्यावर आठ दिवसांत फरक दिसेल अशी अपेक्षा करू नये. नवा केस वाढून वर यावयास सहा ते आठ आठवडे लागतात.

स्नान

वारंवार स्नान घातल्याने केस कमी गळतात, हाही एक गैरसमज आहे. निरोगी कुत्र्यास तीन-चार आठवड्यांतून एकदा स्नान पुरे. त्याहून अधिक वेळा घातल्यास कातडीवरील नैसर्गिक तेल धुपून जाते व कोंडा होतो. माणसाची कातडी किंचित आम्लधर्मी असते. कुत्र्याची त्यापेक्षा उदासीनतेकडे झुकणारी असते. म्हणून आपला साबण त्यास न लावता कुत्र्यांसाठी मिळणारा सौम्य साबण वापरावा. फिनेल किंवा कपड्यांचा सोडा कधीही वापरू नये. स्नानापूर्वी खरारा करावा व नंतर अंग पूर्णपणे कोरडे करावे.

रत्नागिरीत वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व तो बहुतेक चार महिन्यांतच पडतो. ह्या काळात कुत्रा भिजून आला की कान, बगला व बोटांमधील जागा कोरड्या फडक्याने पुसाव्या. ओल्या गोणपाटावर त्यास निजू देऊ नये. पडवीत जमिनीपासून थोडी उंच फळी घालून द्यावी.

पिसवा, गोचीड व विषारी औषधे

अंगावर दिसणाऱ्या पिसवा हा एकूण पिसवांचा लहानसा भाग असतो. त्यांची अंडी, अळ्या व कोश हे अंथरुणात, जमिनीच्या भेगांत व धुळीत असतात. कुत्र्यावर होणाऱ्या गोचिडीही अंडी घालण्यासाठी अंग सोडून भिंतीच्या फटींत शिरतात. आपल्या घरांच्या जांभ्या चिऱ्यांना असणारी भोके हे त्यांचे आवडते आश्रयस्थान आहे. म्हणून केवळ कुत्र्यावर औषध घालून भागत नाही. त्याचे अंथरूण दर आठवड्यास गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे, पडवी झाडून कचरा दूर टाकावा व भिंतीची भोके गिलाव्याने बुजवावी. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. ती बोटांनी चिरडू नये व तीवर रॉकेल ओतू नये.

येथे एका गंभीर गोष्टीकडे सर्वांचे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. आंब्यावरील तुडतुड्यांसाठी आणलेले कीटकनाशक थोडे पाण्यात मिसळून कुत्र्यास चोळण्याची सवय काही ठिकाणी दिसते. कुत्रा अंग चाटतो, त्यामुळे विष त्याच्या पोटात जाते. आणि त्याच अंगाला घरातील मुले हात लावतात. पूर्वी जनावरांवर बी. एच. सी. ची पूड टाकीत असत. त्या औषधावर आपल्या देशात १९९७ मध्ये बंदी आली, ती ते मानवास व निसर्गास घातक ठरले म्हणूनच. जळके ऑईल चोळणे हाही असाच घातक प्रकार आहे. गुरांसाठीचे आयव्हरमेक्टिन अंदाजाने कुत्र्यास टोचू नये. काही जातींच्या कुत्र्यांस ते अल्प प्रमाणातही प्राणघातक ठरते. तसेच कुत्र्यांच्या अंगावर घालावयाची परमेथ्रिनयुक्त औषधे मांजरास विषासमान आहेत, हे मांजर पाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

विषबाधेने कुत्र्याच्या तोंडास फेस येऊ लागला किंवा अंग थरथरू लागले, तर औषध अंगावर लागले असल्यास सौम्य साबणाने व भरपूर पाण्याने अंग धुवावे. हे काम हातमोजे घालून करावे. औषधाचा डबा किंवा बाटली बरोबर घेऊन विनाविलंब पशुवैद्यकाकडे जावे. पिसवा व गोचिडींवर आज गोळ्या व मानेवर घालावयाचे थेंब मिळतात; परंतु त्यांचे प्रमाण कुत्र्याच्या वजनावर ठरते, म्हणून ते पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे.

केसांची भीती

कुत्र्याचा केस पोटात गेल्यास माणसास असाध्य रोग होतो, असे जुनी माणसे सांगतात. केस पोटात पचत नाही व तसाच बाहेर पडतो; तो स्वतः रोग उत्पन्न करीत नाही. मात्र कुत्र्याच्या पोटात एक प्रकारचा पट्टकृमी असल्यास त्याची अंडी विष्ठेतून केसांस चिकटतात, आणि ती माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याच्या गाठी होऊ शकतात. तेव्हा जुन्या माणसांच्या भीतीत तथ्याचा अंश आहे. ह्यावरील उपाय म्हणजे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दर तीन महिन्यांनी जंताचे औषध देणे, कच्चे मांस व जनावरांची आतडी खाऊ न घालणे आणि कुत्र्यास हाताळल्यावर हात धुणे. दमेकऱ्यास होणारा त्रास केसापेक्षा कुत्र्याची लाळ व कोंडा यांतील द्रव्यांमुळे होतो. म्हणून अशा घरात कुत्र्यास निजण्याच्या खोलीत येऊ देऊ नये व खरारा दुसऱ्या माणसाने करावा.

वर्षाचे काम

फाल्गुन ते वैशाख : माल वाळविण्याचे दिवस; रोज खरारा, कुत्रा अंगणाबाहेर.
ज्येष्ठ ते भाद्रपद : अंग कोरडे ठेवणे, कान व बोटे तपासणे.
आश्विन व कार्तिक : गोचिडींचा बंदोबस्त, अंथरूण व पडवी यांची स्वच्छता.
मार्गशीर्ष ते माघ : स्नान कमी, आहारात स्निग्धांश, रेबीजची वार्षिक लस राहिली असल्यास टोचून घेणे.

ग्रामपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना शेवटी एक सूचना करावीशी वाटते. केसगळीविषयी कोणी विचारल्यास लांबून उत्तर देऊ नये. कुत्र्यास धन्याकडून धरवून घ्यावे, केस बाजूस सारावे, कातडी पाहावी व घरातील मुलांच्या अंगावर चट्टे आहेत काय हेही विचारावे. कातडी निरोगी असेल तर खरारा व आहार यांचा सल्ला द्यावा. कातडी बिघडलेली दिसली तर आपण औषध न सांगता नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्याकडे पाठवावे, आणि मुलास चट्टा असल्यास त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावयास सांगावे. पाच मिनिटांचे हे काम अंगणातील माल, राखणीचा कुत्रा व घरातील मूल ह्या तिघांनाही सुरक्षित ठेवते.